नगरपरिषदेचे एक काम : अंदाजपत्रकापासून अखेरच्या देयकापर्यंत

नगरपरिषदेच्या कारभारात निविदा उघडण्याच्या दिवसाला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे दुसऱ्या कोणत्याही दिवसाला मिळत नाही. कोण किती टक्के खाली गेला, कोणाची निविदा अपात्र ठरली, काम कोणाला मिळाले, याची चर्चा गावभर होते आणि काम मिळाल्यावर ती थांबते. गेली अनेक वर्षे नगरपरिषदेच्या नस्त्या, म्हणजे कामांच्या फाइली, वाचत आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, जनतेचा पैसा वाचतो किंवा वाया जातो तो मुख्यतः दोन कागदांवर : निविदेच्या आधी तयार होणारे कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक आणि काम सुरू झाल्यावर भरली जाणारी मोजमाप पुस्तिका. या दोन्हींकडे फारसे कोणी पाहत नाही. म्हणून या लेखात एक साधे काम, म्हणजे प्रभागातील एका गल्लीचा काँक्रीट रस्ता, पहिल्या टिपणीपासून अखेरच्या देयकापर्यंत कसा जातो आणि नगरसेवकाने किंवा जागरूक नागरिकाने प्रत्येक टप्प्यावर नेमके काय पाहावे, हे क्रमाने मांडले आहे.

महाराष्ट्रातील नगरपरिषदा आणि नगरपंचायती यांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार चालतो. त्यांपैकी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. त्याआधी अनेक ठिकाणी दीर्घकाळ प्रशासक होते. प्रशासकाच्या काळात सभागृहाचे आणि समित्यांचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे असतात, त्यामुळे ठराव, चर्चा आणि विरोध यांची सवय मोडते. आज सभागृहात बसलेल्या अनेकांनी याआधी एकही सर्वसाधारण सभा पाहिलेली नाही, हे लक्षात घेऊनच पुढचे लिहिले आहे.

कोणाकडे काय असते

थेट जनतेतून निवडून आलेला नगराध्यक्ष सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो आणि स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती असतो. सर्वसाधारण सभा धोरण, अर्थसंकल्प आणि कामांची निवड ठरवते. निविदा स्वीकारण्याचा विषय बहुतेक नगरपरिषदांत स्थायी समितीपुढे येतो. मुख्याधिकारी हा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी असून ठरावांची अंमलबजावणी, करारनामा आणि देयकाची अदायगी ही त्याची जबाबदारी असते. अंदाजपत्रक आणि मोजमाप बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडे असते, तर पैशांची तरतूद आणि कपाती लेखापालाकडे. हे वेगळेपण ध्यानात ठेवावे, कारण प्रत्येक प्रश्नाचा धनी वेगळा असतो. रस्त्याची जाडी कमी का, हा प्रश्न नगराध्यक्षांना विचारून उपयोग नसतो. त्याचे उत्तर अभियंत्याने लिहून द्यायचे असते.

सभेची तयारी

अधिनियमातील तरतुदीनुसार सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. साधारण सभेची सूचना पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी द्यावी लागते. पूर्ण दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरत नाहीत. सूचनेसोबत विषयपत्रिका येते. ती हातात पडताच प्रत्येक विषयाची टिपणी मागून घ्यावी. टिपणी म्हणजे तो विषय सभेपुढे का आणला आहे, खर्च किती आहे, तरतूद कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातील कोणत्या सदरातून, आहे आणि कार्यालयाचे मत काय आहे, हे सांगणारा कागद. टिपणीशिवाय आलेल्या विषयावर सभागृहात होणारी चर्चा केवळ आठवणींवर आणि आवाजावर चालते.

विषयपत्रिकेच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. खरोखर तातडीची कामे असतात, उदाहरणार्थ पावसाळ्यात फुटलेली जलवाहिनी किंवा कोसळलेली संरक्षक भिंत. तथापि लाखो रुपयांच्या नव्या कामाला मान्यता देण्यासाठी किंवा एखाद्या ठेक्याला मुदतवाढ देण्यासाठी या ओळीचा वापर होऊ लागला, तर सात दिवसांच्या सूचनेला अर्थ उरत नाही. अशा वेळी विषयाला विरोध करायचा नसला तरी, तो पुढील सभेत टिपणीसह आणावा, अशी सूचना मांडून ती इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या लेखी नोंदीत, नोंदवून घ्यावी.

इतिवृत्ताबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. ठरावात सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात आणि पुढील सभेच्या सुरुवातीला मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. हा पाच मिनिटांचा औपचारिक विषय मानला जातो, पण माझ्या मते एखाद्या सदस्याने संपूर्ण सभेत एकच विषय लक्षपूर्वक ऐकायचा ठरवले तर तो हाच असावा. सभेत बोलले गेले एक आणि ठरावात लिहिले गेले दुसरे, असे घडले असेल तर ते याच वेळी दुरुस्त करता येते. एकदा इतिवृत्त कायम झाले की पुढे जिल्हाधिकारी, लेखापरीक्षक आणि न्यायालय त्या लेखी मजकुरालाच प्रमाण मानतात. विरोध करणाऱ्या सदस्याने आपला विरोध कारणासह लेखी द्यावा आणि त्या पत्राची पोहोच घ्यावी. मोघम विरोधापेक्षा, अंदाजपत्रक विषयपत्रिकेसोबत दिलेले नसल्याने विरोध, ही एक ओळ कितीतरी वजनदार ठरते.

सभा सर्वसाधारणपणे लोकांसाठी खुली असते. नागरिकाला बसून ऐकता येते, बोलता येत नाही. आपल्या भागाचा विषय असेल त्या दिवशी दोन-चार नागरिक शांतपणे वही घेऊन बसले, तरी चर्चेचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अंदाजपत्रक : अर्धे काम इथेच ठरते

आता आपल्या रस्त्याकडे वळू. समजा, रस्ता १०० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे आणि काँक्रीटची जाडी १५० मिलीमीटर ठरली आहे. म्हणजे काँक्रीट ६० घनमीटर झाले. त्याखाली खोदाई, मुरूम किंवा खडीचा थर, दबाई, आणि वर सांधे कापणे, पाणी मारणे अशा बाबी येतात. प्रत्येक बाबीचे परिमाण काढून त्याला सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतील दर लावला जातो. दरसूचीत नसलेल्या बाबीसाठी बाजारभावावरून दर पृथक्करण, म्हणजे साहित्य आणि मजुरीचा हिशेब मांडून दर काढणे, करावे लागते. या बेरजेवर वस्तू व सेवा कर, गौण खनिजाचे (वाळू, खडी, मुरूम यांचे) स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी, साहित्य चाचणी आणि विमा यांच्या रकमा वेगळ्या दाखवतात. २०२२ च्या जुलैपासून स्थानिक संस्थांच्या बांधकाम कंत्राटांवर सर्वसाधारणपणे १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, त्यामुळे कामाची रक्कम सांगताना ती करासह आहे की कराशिवाय, हे आधी विचारावे.

अंदाजपत्रक तपासायला अभियंता असावे लागत नाही. टेप आणि दुपारचा एक तास पुरेसा असतो. जागेवर जाऊन लांबी आणि रुंदी मोजावी. गल्ली सगळीकडे ४ मीटर रुंद आहे का, की निम्म्या भागात ती ३ मीटरच आहे, हे पाहावे. जुना रस्ता उखडायचा असेल तर त्याची बाब धरली आहे का आणि निघालेल्या साहित्याचे काय करायचे ते लिहिले आहे का, हेही पाहावे. घरांचे उंबरे आणि रस्त्याची पातळी यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न तर प्रत्येक जुन्या गावात विचारलाच पाहिजे. जुन्या रस्त्यावर थर चढवत गेल्याने पावसाचे पाणी घरात शिरू लागलेली गल्ली आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे. त्यानंतर जलवाहिनीचे काम याच गल्लीत प्रस्तावित आहे का, हे पाणीपुरवठा विभागाला विचारावे. नवा रस्ता वर्षभरात खोदला जाणे हा निव्वळ समन्वयाचा दोष असतो आणि तो अंदाजपत्रकाच्या टप्प्यावर एका पत्राने टाळता येतो.

अंदाजपत्रकाला सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता (परिमाणे आणि दर बरोबर असल्याची) आणि कामाला प्रशासकीय मान्यता (काम घेण्याची आणि खर्चाची) लागते. निधी नगरपरिषदेचा स्वतःचा आहे, वित्त आयोगाचा आहे, नगरोत्थानसारख्या योजनेचा आहे की जिल्हा वार्षिक योजनेतील आहे, यावर मान्यता कोणाची, हे ठरते. योजनेप्रमाणे क्रम थोडा बदलतो. आपण एवढेच पाहावे की दोन्ही मान्यतांच्या तारखा निविदा सूचनेच्या आधीच्या आहेत.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट घडू शकते : कामाचे तुकडे पाडणे. ठरावीक रकमेवरील कामांना ई-निविदा बंधनकारक असते. ही मर्यादा शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलत आली आहे, म्हणून चालू मर्यादा बांधकाम विभागाकडून लेखी विचारून घ्यावी. एकच सलग रस्ता अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत अशा तीन-चार कामांत विभागला गेला असेल आणि प्रत्येकाची रक्कम मर्यादेच्या किंचित खाली असेल, तर ती विभागणी कोणत्या तांत्रिक कारणाने केली, हे टिपणीत लिहिलेले असले पाहिजे. कारण नसेल तर लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येतो आणि तो येण्याआधीच सभागृहाने विचारणे अधिक चांगले.

निविदा सूचना आणि अटी

राज्यात ई-निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. चालू निविदा, शुद्धिपत्रके आणि निविदांची सद्यःस्थिती पाहण्यासाठी नोंदणीची गरज नसते. संस्थेचे नाव निवडले की आपल्या नगरपरिषदेच्या निविदा समोर येतात. दर सोमवारी दहा मिनिटे हे पाहण्याची सवय प्रत्येक नगरसेवकाने लावून घ्यावी. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

रस्त्यासारख्या कामांना निविदेचे दोन नमुने प्रचलित आहेत. बी-१ मध्ये नगरपरिषदेचे बाबनिहाय दर छापलेले असतात आणि ठेकेदार त्या संपूर्ण रकमेवर इतके टक्के कमी किंवा जास्त, असा एकच दर देतो. बी-२ मध्ये ठेकेदार प्रत्येक बाबीचा दर स्वतः भरतो. समजा, कराशिवाय कामाची रक्कम १०,००,००० रुपये आहे आणि बी-१ मध्ये सर्वांत कमी दर ८ टक्के कमी आला, तर कामाची किंमत ९,२०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे १,६५,६०० रुपये कर मिळून १०,८५,६०० रुपये होते. गावात मात्र कर न धरता वेगळाच आकडा फिरत राहतो.

बी-२ मध्ये अधिक सावध राहावे लागते. अंदाजपत्रकात कठीण खडकातील खोदाई १० घनमीटर आहे आणि ठेकेदाराने तिला ५०० ऐवजी ९०० रुपये दर भरला, तर तुलनेत फरक फक्त ४,००० रुपयांचा दिसतो आणि बाकीच्या बाबींत थोडे कमी करून तो सहज सर्वांत खाली राहू शकतो. पुढे कामात कठीण खडक ७० घनमीटर निघाला, असे दाखवले गेले की तोच फरक २८,००० रुपयांवर जातो. यासाठीच कंत्राटातील खंड ३८ महत्त्वाचा आहे. त्यानुसार निविदेतील परिमाणापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त झालेल्या कामाला निविदेचा दर न लावता दरसूचीवर आधारित दर लावायचा असतो. खंड लागू केल्यास निविदा दर १२.५ घनमीटरपुरताच राहतो. तो लागू केला का, हे देयकात पाहावे लागते, कारण तो आपोआप लागू होत नाही.

अटी वाचताना एकच कसोटी लावावी : ही अट कामासाठी आवश्यक आहे की स्पर्धा कमी करण्यासाठी आहे? मागील वर्षांतील उलाढाल, समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव, आवश्यक यंत्रसामग्री आणि ठेकेदाराची योग्य वर्गातील नोंदणी या रास्त अटी आहेत. परंतु दहा लाखांच्या गल्लीतील रस्त्यासाठी कोट्यवधींच्या कामाचा अनुभव मागणे, याच नगरपरिषदेत काम केल्याचा दाखला मागणे, किंवा निविदा भरण्यापूर्वी जागा पाहिल्याचा दाखला कार्यालयातून सही करून आणायला लावणे, यांचे समर्थन करता येत नाही. शेवटच्या अटीमुळे कोण कोण निविदा भरणार आहे हे आधीच उघड होते आणि मग एकमेकांशी बोलून दर ठरवणे सोपे जाते. इच्छुकांनी आपसांत दर ठरवणे, ज्याला बोलीभाषेत रिंग करणे म्हणतात, हे स्पर्धा अधिनियम, २००२ नुसार प्रतिबंधित आहे. अटींवरील हरकत निविदापूर्व बैठकीत किंवा तिच्या आधी लेखी नोंदवावी. निविदा उघडल्यानंतर घेतलेल्या हरकतीकडे पराभूत बाजूची तक्रार म्हणूनच पाहिले जाते, मग ती कितीही खरी असो.

निविदा उघडणे आणि दराचा निर्णय

ई-निविदा एकाहून अधिक अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षरीने उघडली जाते. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. त्यात बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत), नोंदणी, अनुभवाचे दाखले आणि कर भरल्याची कागदपत्रे तपासली जातात. पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडतो. अपात्रतेचे कारण नेमके लिहिले पाहिजे आणि तीच त्रुटी दुसऱ्या निविदाकाराच्या कागदात असेल तर त्यालाही तोच न्याय लावला पाहिजे. तांत्रिक छाननीचा तक्ता मागून दोन स्तंभ एकमेकांशेजारी ठेवून वाचले की पक्षपात असल्यास तो स्वच्छ दिसतो.

त्यानंतर तुलनात्मक तक्ता स्थायी समितीपुढे येतो. सदस्यांनी येथे तीन गोष्टी विचाराव्यात. किती निविदा आल्या आणि पहिल्या वेळी पुरेशा आल्या नसतील तर मुदतवाढ किंवा फेरनिविदा झाली का? सर्वांत कमी दर अंदाजपत्रकापेक्षा जास्त असेल तर त्याची वाजवीपणाची तपासणी चालू दरसूचीवरून झाली का? आणि दर फार खाली असेल तर त्या प्रमाणात अतिरिक्त अनामत घेतली जाणार आहे का? वाटाघाटी करायच्याच असल्या तर त्या सर्वांत कमी दर देणाऱ्याशीच आणि लेखी कराव्यात.

पंचवीस-तीस टक्के कमी दराचे काम मिळाले म्हणून आनंद मानणारे ठराव मी वाचले आहेत. सिमेंट, खडी आणि मजुरी यांचे भाव सर्वांना सारखेच असतात. एवढा दर खाली आला तर एक तर अंदाजपत्रक फुगवलेले होते, किंवा काम हलके होणार आहे. दोन्ही शक्यता अभियंत्याला लेखी तपासायला सांगाव्यात.

हितसंबंधांबाबत कायदा कडक आहे. नगरपरिषदेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असणे ही कलम १६ नुसार सदस्यत्वाची अपात्रता आहे आणि निवडून आल्यानंतर असा हिस्सा निर्माण झाला तर कलम ४४ नुसार सदस्यत्व जाऊ शकते. भाऊ, पत्नी किंवा भागीदार यांच्या नावावरील संस्थेचा विषय आला तर सदस्याने आपला संबंध सभेत सांगून त्या विषयातून बाहेर राहावे. ठराव बेकायदेशीर असेल किंवा त्यामुळे लोकांना त्रास वा हानी होणार असेल, तर कलम ३०८ नुसार जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. असा अर्ज करताना ठरावाची प्रत, नियमाचा नेमका भंग आणि तो कसा झाला, एवढेच लिहावे. कोणाचा कोणाशी कसा राजकीय संबंध आहे, हे लिहिल्याने अर्ज दुबळा होतो.

दर मंजूर झाल्यावर ठेकेदार सुरक्षा अनामत भरतो, करारनामा होतो आणि कार्यारंभ आदेश निघतो. आदेशात कामाची मुदत, दोषदायित्व कालावधी (ज्या काळात निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात) आणि विलंबाचा दंड लिहिलेला असतो. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना नवे कार्यारंभ आदेश देता येत नाहीत, म्हणून आचारसंहितेच्या आदल्या दिवशीच्या तारखेचे आदेश दिसले तर आवक-जावक नोंदवहीतील क्रमांक पाहावा.

जागेवर : मोजमाप पुस्तिका

कामाच्या ठिकाणी कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोषदायित्व कालावधी दाखवणारा फलक लावून घ्यावा. त्यापुढचे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व असे की, झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी मोजले पाहिजे. खोदाई, खालचा थर आणि काँक्रीटची जाडी या तिन्ही गोष्टी नंतर दिसत नाहीत आणि पैसा याच तीन ठिकाणी जातो. १५० मिलीमीटरऐवजी १३० मिलीमीटर जाडी टाकली, तर ६० घनमीटरचे काँक्रीट ५२ घनमीटर होते. आठ घनमीटर, म्हणजे सुमारे १३ टक्के काँक्रीट, कधी टाकलेच गेले नाही आणि वरून रस्ता तसाच दिसतो. काँक्रीट ओतण्यापूर्वी बाजूच्या फळ्यांची उंची आणि तळाची पातळी मोजपट्टी लावून पाहावी, तारीख दिसेल असे छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवशी अभियंत्याला पत्राने कळवावे.

काँक्रीटची प्रत ठोकळ्यांनी तपासतात. एम-२० याचा अर्थ १५० मिलीमीटर बाजूच्या ठोकळ्याची २८ दिवसांनंतरची अपेक्षित ताकद प्रति चौरस मिलीमीटर २० न्यूटन. भारतीय मानक ४५६ नुसार ३१ ते ५० घनमीटरला ४ नमुने आणि त्यापुढील प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक नमुना घ्यायचा असतो आणि प्रत्येक नमुन्याचे ३ ठोकळे असतात. म्हणजे आपल्या ६० घनमीटरच्या रस्त्यासाठी ५ नमुने, १५ ठोकळे. चाचणी अहवालात तीनच ठोकळे असतील, किंवा अहवालाची तारीख ओतकामानंतर २८ दिवसांच्या आतली असेल, तर प्रश्न विचारायला हा एक कागद पुरेसा आहे.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे कार्यालयीन भाषेतील एमबी, ही पाने क्रमांकित केलेली नोंदवही असते. तिच्यात कनिष्ठ अभियंता जागेवर घेतलेली मोजमापे लिहितो आणि वरिष्ठ ती तपासून सही करतो. एकदा मी एका गटाराच्या कामाची पुस्तिका घेऊन जागेवर गेलो होतो. पुस्तिकेत ६२ मीटर लांबी होती आणि टेपने ५४ मीटर भरली. चौकशीत कळले की मोजमाप अंदाजपत्रकातून जसेच्या तसे उतरवले होते. तेव्हापासून मी सर्वांना एक खूण सांगतो : पुस्तिकेतील सर्व आकडे अंदाजपत्रकाशी तंतोतंत जुळत असतील तर संशय घ्यावा. प्रत्यक्ष जमिनीवरचे मोजमाप कागदाशी इतके कधीच जुळत नाही.

कामादरम्यान निविदेत नसलेली बाब करावी लागली तर ती अतिरिक्त बाब ठरते आणि तिच्या दराला वेगळी मंजुरी लागते. मंजुरी काम होण्यापूर्वीची हवी. मुदतवाढीचेही तसेच : मुदत संपण्याआधी अर्ज, कारण आणि मंजुरी हवी, अन्यथा कंत्राटाप्रमाणे दंड आकारला गेला पाहिजे.

देयक

देयकासोबत मोजमाप पुस्तिकेचे पान क्रमांक, चाचणी अहवाल, कामापूर्वीची, कामादरम्यानची व कामानंतरची छायाचित्रे आणि आवश्यक तेथे त्रयस्थ संस्थेचा तपासणी अहवाल असतो. लेखा विभाग त्यातून आयकर, अडीच लाखांवरील कंत्राटांवर वस्तू व सेवा कराची २ टक्के उद्गम कपात (टीडीएस), बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर, स्वामित्वधन आणि अनामतीचा हिस्सा कापतो. स्वामित्वधनाची पावती ठेकेदाराने दिली नसेल तर ती रक्कम कापलीच पाहिजे. ही कपात विसरली जाणे हा लेखापरीक्षणातील नेहमीचा आक्षेप आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाचा अहवाल सभागृहापुढे येतो तेव्हा तो केवळ अवलोकनार्थ म्हणून नोंदवून पुढे जाऊ नये. प्रलंबित आक्षेपांची यादी आणि वसूलपात्र रक्कम विचारावी.

कागद मिळवण्याची पद्धत

नगरसेवकाने आधी साध्या पत्राने नस्ती पाहायला मागावी. नागरिकाने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक शुल्क लागते, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. न मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

अर्जात, रस्त्याच्या कामाची सर्व माहिती द्यावी, असे लिहू नये. कामाचे नाव आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक देऊन पुढील कागद नावाने मागावेत : तांत्रिक मान्यताप्राप्त अंदाजपत्रक, तांत्रिक छाननीचा तक्ता, तुलनात्मक तक्ता, स्थायी समितीचा ठराव, करारनामा, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, चाचणी अहवाल आणि अदा केलेली देयके. झेरॉक्सचा खर्च जास्त होत असेल तर प्रत्यक्ष पाहणी मागावी. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, याच कायद्यातील माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही अधिकार आहेत. काम चालू असताना वाळूचा किंवा काँक्रीटचा प्रमाणित नमुना मागणारा एक अर्ज नंतरच्या दहा तक्रारींपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तक्रार करायची असेल तर ती प्रथम मुख्याधिकाऱ्यांकडे, मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेकडे आणि त्यापुढे विभागीय स्तरावर द्यावी. लाच मागितली गेली असेल तर मात्र थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर संपर्क साधावा.

दोषदायित्व कालावधी

देयक दिले म्हणजे काम संपले, असे समजून नस्ती कपाटात जाते, पण ठेकेदाराची अनामत अजून नगरपरिषदेकडे असते. करारात लिहिलेल्या कालावधीत रस्त्याला तडे गेले, पृष्ठभाग उखडला किंवा पाणी साचू लागले, तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते. हा कालावधी संपण्याच्या महिनाभर आधी गल्लीतील रहिवाशांनी अभियंत्यासोबत रस्त्यावरून चालत जावे, दोषांची यादी छायाचित्रांसह तयार करून त्यावर अभियंत्याची सही घ्यावी आणि दुरुस्ती होईपर्यंत अनामत परत करू नये, असे पत्र मुख्याधिकारी आणि लेखापाल या दोघांनाही द्यावे. प्रभागातील प्रत्येक कामाच्या अनामतीची परतीची तारीख नगरसेवकाने एका वहीत लिहून ठेवावी आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती वही उघडावी.